पिवळ्यानंतरची रिकामी जागा

१

राजपाल मिस्त्रींकडे दुरुस्तीला शेवटचा रेडिओ आला त्याला पंधरा वर्षं होऊन गेली असतील, तरी ते रोज सकाळी अकराच्या ठोक्याला दुकान उघडायचे. दुकान कसलं, निंबर्ग्यातल्या त्यांच्या घराची पुढची खोली ती. खाली शहाबादी फरशी, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्या दोघांच्या नजरेखाली टेबलावर पाच वाल्व्हचा एक जुना सेट. मिस्त्री त्याच्यावरचा पंचा काढायचे, घडी करून खांद्यावर टाकायचे आणि बटण फिरवायचे. वाल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, तापायला मिनिटभर लागायचं. मग स्पीकरवरच्या कापडामागून खरखर उमटायची आणि डायलच्या वरचा हिरवा डोळा हळूहळू उघडायचा. स्टेशन किती नीट लागलंय ते दाखवणारा तो एक चमकता वाल्व्ह, पण गावातल्या दोन पिढ्यांच्या लेकरांना तो डोळाच वाटत आला होता.

गंमत अशी, की मिस्त्री स्टेशन लावतच नसत. त्यांची ही खोड सबंध आळंद तालुक्याला ठाऊक होती. दुरुस्त केलेला सेट ते दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर आणून ठेवायचे आणि कान लावून बसायचे. "गानं लागलं की समदेच सेट चांगले वाटतेत," ते म्हणायचे. "सेटची तब्येत रिकाम्या जागेवर कळती." दुसरी खोड गिऱ्हाइकांच्या दृष्टीनं याहून वाईट. बरा झालेला सेट ते त्याच दिवशी परत देत नसत. माणूस कितीही घाईत असो, कितीही मोठा असो, सेट एक दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला राहायचाच. "पी हळद अन् हो गोरी, असं न्हाई चालत. एक दिस ऱ्हाऊ द्या. बरं झाल्यालं त्याच्या अंगवळनी पडू द्या. उद्या अकराला या."

त्यांची लेक प्रियंका बंगळूरला भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती. जानेवारीच्या शेवटी ती घरी आली ती दोन कारणांनी. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण निवांत बसून लिहायचंय, हे कारण ती लोकांना सांगायची. दुसरं सांगायची नाही. अप्पा विसरायला लागले होते. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडाला धरून दाखवला होता, गोळ्या दिल्या होत्या, आणि जवळचं माणूस सोबत असलं तर बरं, असं म्हणून मान खाली घातली होती. प्रियंकाचा बापावर फार जीव. लहानपणी ती आईच्या कुशीत कमी आणि त्या टेबलाखाली जास्त वाढली होती.

२

"आता मला एकदा नीट सांग, तू शिकायलीस तरी काय," भागाबाई, तिची आई, तुरीची डाळ पाखडता पाखडता म्हणाली. "परवा शेजारनीनं इचारलं तर मी सांगितलं, रेडिओचंच, पर बारीक."

"बरोबर सांगितलंस की," प्रियंका हसून म्हणाली. आणि तिनं सांगितलं. जगात अशा बारीक वस्तू असतात की त्यांना दोनच जागा, वरची आणि खालची. वर ठेवली की ती हळूहळू विसावते. किती वेळात विसावेल हे तिच्या भोवतीच्या खरखरीवर असतं.

"केवढी वस्तू?"

"दिसत न्हाई एवढी."

"मग ती विसावली का न्हाई हे तुला कोन सांगायलंय?"

मिस्त्री पंचा तोंडावर धरून हसले. त्या दिवसांत ते अजून असे हसायचे.

"आई, पाळण्यातलं लेकरू समज," प्रियंका म्हणाली. "दोरी वढनारं मानूस विसराळू असलं, पुढचा झोका देताना मागचा त्याच्या ध्यानातच नसला, तर लेकरू बिगीनं झोपतंय. पर त्याला समदे झोके याद असले, तासाभरापूर्वीचा झोकासुदीक आताच्या झोक्यात आला, तर लेकराचा अर्धा डोळा लागतोय अन् ते तितंच अडकून बसतंय. कामून अडकतंय, किती येळ अडकतंय, ते मी मोजायले."

"तू असलीच व्हतीस," मिस्त्री म्हणाले. "अर्धा डोळा लावून पडायचीस. मग मी रंग म्हनायचो."

ते रंग सगळ्या घराला पाठ होते. रेडिओच्या आतल्या बारीक नळ्यांवर रंगीत पट्टे असतात, आणि कोणता रंग म्हणजे कोणता आकडा हे मिस्त्रीला झोपेतही आलं पाहिजे. राजपाल मिस्त्रींनी सोलापूरला उस्तादांच्या हाताखाली ते घोकलं, आणि लेक झाल्यावर त्याचीच अंगाई केली. काळा, चाकलेटी, लाल, नारंगी, पिवळा. एकेका रंगाला मांडीवर एक थाप. पिवळ्यानंतर हात वरच थांबायचा. पुढचा रंग लेकरानं सेटच्या डोळ्याकडे बघून स्वतः म्हणायचा. उशीर झाला की बाप हळूच पहिलं अक्षर पुरवायचा, "हि..." आणि ती बोबडी ओरडायची, "हिरवा!" मग निळा, जांभळा, राखी, पांढरा, की झोप. हिरवा म्हटल्याशिवाय बाप पुढं जायचा नाही, आणि पुढं गेल्याशिवाय लेक झोपायची नाही.

प्रबंधाला आता गरज होती ती खऱ्या खरखरीची. कॉम्प्युटरनं बनवलेली खरखर बेगडी वाटते, कुठून तरी खरी मिळव, असं तिच्या मार्गदर्शक बाई दोन महिने म्हणत होत्या. जुन्या वाल्व्हची खरखर लांबच्या आठवणीची असते हे भौतिकशास्त्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे, आणि प्रियंकाच्या तर ती कानातच होती. तिनं सेटची एरियल काढून टाकली, म्हणजे बाहेरचं काही आत येऊ नये. आतून एक वायर काढून लॅपटॉपला जोडली. अकरा ते एक लाईट हमखास असायची. त्या दोन तासांची खरखर रोज भरून घ्यायची, गणितातल्या त्या अदृश्य वस्तूवर सोडायची, आणि ती कशी विसावते ते बघायचं. मिस्त्री शेजारी खुर्चीवर बसायचे, कापडाला कान लावून, आणि जुन्या गोष्टी सांगायचे. बापलेकीचे ते दोन तास इतके सुखाचे जायचे की भागाबाईला हेवा वाटायचा आणि ती तो बोलूनही दाखवायची.

३

सातव्या दिवशी चूक सापडली. निदान प्रियंकाला ती आधी चूकच वाटली.

खरखरीची आठवण किती लांब आहे ते मोजायची एक रीत असते. आत्ताची खरखर मिनिटापूर्वीच्या खरखरीशी किती जुळते, तासापूर्वीच्या खरखरीशी किती, असं बघत मागं जायचं. वाल्व्हची आठवण दोन तास पुरली असती तरी नवल नव्हतं. पण सेट बंद केला, काच गार पडली, की ती पुसली जायला हवी. दुसऱ्या दिवशी नवा तवा, नवी भाकरी. प्रियंकानं सहाव्या दिवसाचा शेवट आणि सातव्या दिवसाची सुरुवात सहज शेजारी ठेवून बघितली, आणि दोन दिवस कुठं जोडलेत ती जोड तिला सापडेना. एक वाजता थांबलेली खरखर दुसऱ्या दिवशी अकराला जिथं थांबली होती तिथूनच पुढं निघाली होती. मधले बावीस तास सेट बंद होता, वर पंचा होता. आकड्यांच्या लेखी तो बंद झालाच नव्हता.

तिनं फायलींच्या तारखा तपासल्या. घड्याळ तपासलं. लॅपटॉप बदलून बघावा म्हणून आळंदच्या एका मैत्रिणीचा मागून आणला. जोड सापडेना. मार्गदर्शक बाईंना फोन केला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या की दरवेळी चमत्कार वाटतो आणि दरवेळी निघते ती सैल वायर, आधी खोली तपास.

तिनं खोली तपासली. भर दुपार, दार सताड उघडं, बाहेर पिठाच्या गिरणीचा आवाज, फरशीवर उन्हाचा चौकोन. पंखा बंद करून बघितला, मोबाइल मळ्यात ठेवून आली, टेबलाखाली ओणवं होऊन बोर्ड चाचपला. सगळं जिथल्या तिथं होतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून यायलंय, असं ती स्वतःशीच म्हणाली. खुर्चीतून मिस्त्रींनी विचारलं, "काय हुडकायलीस, पिंके?"

"आवाज, अप्पा."

"रिकाम्या जागेत व्हय?" ते आपुलकीनं म्हणाले. "तितं लई असतंय."

४

आणखी एक तपासणी उरली होती, आणि ती सुचली याचा तिला पुढं फार पश्चात्ताप झाला. बुधवारी भागाबाई मिस्त्रींना घेऊन गुलबर्ग्याला डॉक्टरकडं गेली. प्रियंकानं रिकाम्या खोलीत अकरा ते एक खरखर भरली. ती अगदी साधी निघाली. मिनिटापूर्वीचं मिनिटाला आठवत नव्हतं. गणितातली ती वस्तू शहाण्या लेकरासारखी विसावली. गुरुवारी मिस्त्री पुन्हा खुर्चीत बसले, आणि गुरुवारची खरखर मंगळवारच्या टोकाला जाऊन चिकटली. बुधवार त्या खरखरीनं मोजलाच नव्हता.

 प्रियंका आत गेली, माठातलं पाणी प्याली, आणि आईनं सोललेल्या लसणाच्या पाकळ्या उगाच मोजत बसली. आठवण वाल्व्हची नव्हती.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी गुरुपादय्या आले. मिस्त्रींचे चाळीस वर्षांचे दोस्त. मठाची थोडी जमीन करणारे, कपाळावर भस्म, बोलण्यात निम्मं कन्नड. ऐन तारुण्यात हे दोघं एका सायकलवर वाल्व्ह आणायला सोलापूरला गेले होते, येताना पंक्चर झालं, आणि वाल्व्हची पेटी डोक्यावर घेऊन दोघं अक्कलकोटपर्यंत चालत आले. ती गोष्ट घरात शंभरदा झाली होती. मंगळवारीच सेट चालू असताना मिस्त्रींनी ती प्रियंकाला एकशेएकाव्यांदा सांगितली होती, हातवारे करून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून.

"राजपालण्णा, कसं हाय?" गुरुपादय्या म्हणाले.

मिस्त्री अदबीनं उठले. पंचा खांद्यावर सारखा केला. "या, बसा. कोनता सेट आनलाव?"

गुरुपादय्या आधी हसले. मग त्यांनी प्रियंकाकडं बघितलं, आणि म्हातारा चपला तशाच हातात घेऊन बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला.

त्या संध्याकाळी प्रियंकानं वहीत मागचे दिवस लिहून काढले. आळंदच्या स्टँडमागं दुकान होतं ती गोष्ट अप्पांनी सेटजवळ सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना आळंदला कधी दुकान होतं हेच माहीत नव्हतं. सोलापूरच्या महबूब उस्तादांची गोष्ट सांगितली, आणि परवा तिनं उस्तादांचं नाव काढलं तर ते म्हणाले, "कोन उस्ताद?" मग गुरुपादय्या. ज्या ज्या दिवशी गोष्ट निघाली त्या त्या दिवशीच्या खरखरीत त्या वेळेला एक फुगवटा होता, पोटात काही घातल्यासारखा.

आजारच आहे, ती स्वतःला म्हणाली. डॉक्टरांनी फोटो दाखवलाय. माणूस जे बोलतं तेच विसरलं तर आपल्या लक्षात येतं, न बोललेलं किती गेलं ते आपल्याला कुठं कळतंय? हे सगळं खरं होतं. तरी तिनं वही मिटली, पुढच्या खोलीत गेली, सेटची वायर बोर्डातून उपटली आणि तिचं वेटोळं करून धान्याच्या कोठीमागं टाकलं.

५

दोन दिवस सेट बंद राहिला, आणि त्या दोन दिवसांत मिस्त्रींचं जे झालं ते बघवत नव्हतं. अकरा वाजता ते पंचा काढायचे, बटण फिरवायचे, वाट बघायचे, पुन्हा पंचा टाकायचे. पुन्हा काढायचे. भाकरी ताटात तशीच. दुसऱ्या दिवशी ते सरळ बाहेर पडले. स्टँडवरच्या चहावाल्यानं धरून आणलं तेव्हा पायांत चप्पल नव्हती, तळवे पोळले होते.

भागाबाईनं तळव्यांना खोबरेल लावलं आणि लेकीला आत ओढलं. "कामून बंद केलीस गं मशीन?"

प्रियंकानं सांगितलं. सगळं नाही, पण निम्म्याहून जास्त. आई वेड्यात काढेल असं तिला वाटलं होतं. भागाबाई शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण चाळीस वर्षं मिस्त्रीच्या घरात काढलेली बाई. तिनं तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट बसवलं.

"म्हंजे ते त्यात ठेवायलेत म्हन की."

"आई, तसं न्हाई म्हनत मी..."

"मग कसं? घर गळायलं की मानूस सामान हलवतंय. कुटं हलवावं ते आता तू ठरवनार व्हय?" तिचा आवाज चिरकला. "माज्यापाशी ठेवलं असतं तर मी काय फुटका डबा हाय? पर त्यांनी जल्मभर त्या पेटीपाशी बसून काडली. इस्वास तिच्यावर. लाव ती मशीन. तेवढेच दोन तास तरी ते निवांत ऱ्हातेत."

प्रियंकानं वायर आणली. सेट लावला. हिरवा डोळा उघडला आणि मिस्त्रींच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. इथपर्यंत सगळं बापासाठी होतं. पण तिनं लॅपटॉपही जोडला. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रकरण आठवड्याभरानं, सोमवारी द्यायचं होतं, आणि ती वस्तू शेवटी विसावते कशी हे तिला बघायचं होतं. आपल्या या हावरेपणाची तिला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तिनं कळ दाबली.

६

मिस्त्री आता गोष्टी सांगत नव्हते. सांगायला काही उरलं नव्हतं बहुतेक. ते कान लावून बसायचे, आणि त्यांचा उजवा हात प्रियंकाच्या मांडीवर असायचा. लेकीचं नाव तेवढं अजून होतं. दर थोड्या वेळानं ते कापडापासून कान काढून तिच्याकडं बघायचे, "पिंके," म्हणायचे, आणि खात्री पटल्यासारखे पुन्हा कान लावायचे.

खरखर मात्र बदलली होती. पुढच्या शुक्रवारी तिनं आलेख काढला तेव्हा दोन तासांच्या त्या रेघांच्या झाडीत तिला पाच चढ दिसले, एकसारख्या अंतरावर. पाचव्यानंतर सपाट. शनिवारी पुन्हा पाच आणि सपाट. तिनं ते गणितात सोडले. ती वस्तू खाली यायला निघाली, प्रत्येक चढाला थोडी थोडी खाली आली, आणि पाचव्यानंतर अधांतरी थांबली. वर नाही, खाली नाही. गणितात हजार वर्षं पुढं जाऊन बघता येतं. प्रियंकानं जाऊन बघितलं. हजार वर्षांनीही ती तिथंच होती.

तेव्हा तिला जाणवलं की आपल्या मांडीवर काहीतरी चाललंय. अप्पांचा हात. थाप, थाप, थाप, थाप, थाप. आणि मग हात वर, तिच्या गुडघ्याच्या चार बोटं वर, थांबलेला.

प्रियंका जागची हलली नाही. खरखर चालू होती. तिच्यात शब्द नव्हते, आवाज नव्हता, काही नव्हतं, फक्त एक जागा मोकळी सोडलेली होती आणि ती जागा तिच्याकडं बघत होती. डायलच्या वरचा डोळा पूर्ण उघडा होता. त्याच्याकडं बघायचं आणि एक शब्द म्हणायचा, एवढंच काम. मग निळा, जांभळा, राखी, पांढरा, की झोप.

कुणाची झोप, हा विचार तिच्या मनात आला, आणि तिनं दात घट्ट मिटले.

त्या दिवसापासून तिनं तो रंग तोंडातून काढणं सोडलं. आई म्हणाली मिरच्या कसल्या आणू, तर ती म्हणाली, ताज्या. शेजारच्या मंजुश्रीनं लग्नाच्या चुड्याचा रंग विचारला तर ती नुसती मान हलवून आत गेली. शिकलेली पोर, बंगळूरच्या प्रयोगशाळेत काम करणारी, आणि घरात एका शब्दाला भिऊन चालत होती. तिला हसू यायचं स्वतःचं. पण शब्द काही ती काढायची नाही. रविवारी बाईंचा फोन आला, विसावली का तुझी वस्तू? अजून नाही, ती म्हणाली. बाई म्हणाल्या, कधीतरी विसावलीच पाहिजे, प्रियंका. ती म्हणाली, माहिती आहे.

७

सोमवारी अकराला तिनं सेट लावला. वायर लॅपटॉपला होतीच. भागाबाई आत भाकरी थापत होती, त्याचा धपधप आवाज येत होता. उन्हाचा चौकोन फरशीवर बरोबर टेबलाच्या पायापर्यंत आला होता. मिस्त्रींची दाढी तिनं सकाळीच करून दिली होती. गालाला पावडरीचा वास होता.

"पिंके," ते म्हणाले.

"व्हय अप्पा. इतंच हाय."

बाराच्या सुमाराला थापा सुरू झाल्या. काळा. चाकलेटी. लाल. नारंगी. पिवळा. हात वर थांबला. प्रियंकानं ओठ मिटून घेतले. रोज हात थोड्या वेळानं दमून खाली यायचा. आज आला नाही. तो वरच थांबून राहिला, आणि मिस्त्रींनी कापडापासून कान काढून तिच्याकडं तोंड केलं. त्यांच्या डोळ्यांत नुसती माया होती. लेकरू अडलंय. लेकराला पहिलं अक्षर पुरवायला पाहिजे. त्यांचे ओठ विलग झाले, जीभ वर आली.

"हि..."

तिनं त्यांच्या तोंडावर तळवा ठेवला. अलगद, तान्ह्याच्या तोंडावर ठेवावा तसा. "नको अप्पा," ती म्हणाली. "आजच्या दिस नको. थोडं ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा खडखडत मंदावला आणि थांबला. गिरणी थांबली. डायलचा दिवा विझला. खरखर चालूच होती.

आत साठलेली वीज असते, प्रियंकाच्या बुद्धीनं सांगितलं. बंद केल्यावरही सेट काही सेकंद बोलतो. दहा सेकंद, फार तर पंधरा. तिनं मोजले. पंधरा झाले. तीस झाले. आत भाकरीचा आवाज थांबला होता, म्हणजे आईही ऐकत होती. साठ. खरखर कमी होत नव्हती, उलट दाटत होती, खोलीभर, आणि विझलेल्या डायलच्या वर तो डोळा तसाच उघडा होता. तिच्या तळव्याखाली बापाचे ओठ स्तब्ध होते. बाप बोलत नव्हता. ती बोलत नव्हती.

"हिरवा!" कापडामागून कोणीतरी म्हणालं.

बोबडा आवाज होता, तीन-साडेतीन वर्षांच्या मुलीचा, उत्तर आल्याच्या आनंदात फुटलेला. तो आपला आहे हे कळायला प्रियंकाला एक क्षणही लागला नाही. आणि तिच्या मांडीवर हात पडला. निळा. जांभळा. राखी. शेवटची थाप इतकी हलकी होती की तिला ती नीट लागलीच नाही. मग डोळा मिटला. तो मिटताना तिला काचेच्या आत, अगदी खोल, एक टेबल दिसलं, टेबलावर वाकलेला एक तरणा माणूस आणि त्याच्या मांडीवरचं काहीतरी लहान. पण खोलीत उजेड फार होता, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळं तिनं ते पाहिलंच का, असं कुणी शपथेवर विचारलं तर तिला सांगता येणार नाही.

खरखर थांबली. बॅटरीवर चाललेल्या लॅपटॉपवर ती रेघ अधांतरी जागेवरून सुटली होती आणि सावकाश, कसलीही घाई न करता, खाली येऊन विसावली होती. प्रबंधात घालावी अशी सुरेख रेघ होती ती.

प्रियंकानं घाबरून बापाकडं बघितलं. मिस्त्री ताठ बसले होते. श्वास संथ चालला होता. चेहऱ्यावर एकही आठी नव्हती, इतका निवांत चेहरा तिनं कधी बघितला नव्हता. त्यांनी तिचा हात आपल्या तोंडावरून हळूच बाजूला केला, थोडंसं संकोचून, परक्या बाईचा हात करावा तसा. उठले. पंचा झटकून सेटवर नीट पांघरला.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा सेट झाला बघा. आता काय सुदीक तरास देनार न्हाई. घिऊन जावा."

आतल्या दारात भागाबाई पिठाच्या हातांनी उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. प्रियंकाला ओरडून सांगावंसं वाटलं, अप्पा, मी पिंकी. सांगून काय होणार होतं ते तिला दिसत होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या, शोधलं असतं, सापडलं नसतं, आणि तो निवांतपणा मोडला असता. तिनं डोळे पुसले. टेबलाच्या अलीकडं, जिथं गिऱ्हाईक उभं राहायचं, तिथं जाऊन ती उभी राहिली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "आजच नको. अजून एक दिस ठिवून घेता का? बरं झाल्यालं त्याच्या अंगवळनी पडू द्या."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. इतकी वर्षं दुकान चालवलं, पण असं शहाणं गिऱ्हाईक त्यांना कधी भेटलं नव्हतं.

"बरुबर बोललाव," ते म्हणाले. "उद्या अकराला या."

ती अकराला गेली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर रोज. मिस्त्री पंचा काढतात, बटण फिरवतात, दोघं कान लावून बसतात. खरखर अगदी साधी असते, तिला मागचं काही आठवत नाही. एक वाजता ती म्हणते, मिस्त्री, अजून एक दिस ठेवा, आणि ते ठेवून घेतात.